दुसरा बॉल कोणाचा? ‘द मिरॅकल सीझन’, आमच्या पोरी आणि ताई

पावसाने मैदानाचं तळं केलं, प्रॅक्टिस बुडाली, म्हणून माझ्या व्हॉलीबॉलच्या संघातल्या नऊ जणींना आमच्या खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंबून मी त्यांना ‘द मिरॅकल सीझन’ हा सिनेमा दाखवला. नेटच्या गुंडाळ्यांवर बसून त्यांनी तो पाहिला, शेवटी ढसाढसा रडल्या, आणि लगेच भूक लागली म्हणाल्या. आठवड्याभरात तोच सिनेमा मी घरी ताईबरोबर पुन्हा लावला. ताईला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. सिनेमा बघताना ती एकदाही रडली नाही. पण शेवट झाल्यावर एक प्रश्न विचारून बसली, तो खाली सांगते.

गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आयोवा सिटी नावाचं शहर आहे. तिथल्या वेस्ट हायस्कूलच्या मुलींनी २०१० मध्ये राज्याचं विजेतेपद मिळवलं होतं. पुढचा सीझन तोंडावर आला असताना, ऑगस्ट २०११ मध्ये, त्यांची कॅप्टन कॅरोलाइन फाउंड मोपेडच्या अपघातात गेली. वय १७. तिला सगळे ‘लाइन’ म्हणत. तिची आई तेव्हा कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली. लेकीपाठोपाठ, दोन आठवड्यांच्या आत, तीही गेली. आणि त्याच वर्षी त्या पोरी पुन्हा राज्याच्या फायनलला पोचल्या, समोर गावातलीच सिटी हाय ही शाळा, पाच सेटची मॅच, आणि जिंकल्या. मी शेवट फोडला म्हणून ओरडू नका. नावातच ‘मिरॅकल’ आहे, हरतील कशाला?

सिनेमा २०१८ चा, साधारण शंभर मिनिटांचा. दिग्दर्शक शॉन मॅकनमारा. शार्कने हात तोडल्यावर पुन्हा लाटांवर उभी राहिलेल्या बेथनी हॅमिल्टनवरचा ‘सोल सर्फर’ त्याचाच. म्हणजे पडलेलं माणूस उभं कसं करायचं ही वाट त्याच्या पायाखालची आहे. तक्रारही तीच. इतकी पायाखालची वाट आहे, की तो मध्ये कुठे थांबतच नाही.

आता माझ्या कामाचं बोलते. कॅरोलाइन सेटर होती. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांना हा तपशील ‘ती चांगली खेळायची’ एवढाच वाटेल. पण व्हॉलीबॉलमध्ये तीन टच मिळतात. पहिला ज्याच्या अंगावर येईल त्याचा. तिसरा उडी मारून हाणणाऱ्याचा, म्हणजे स्मॅशरचा, टाळ्या त्यालाच. मधला दुसरा बॉल सेटरचा. बॉल कुठेही उडालेला असो, बाकीच्या पाच जणी मनातल्या मनात म्हणतात, ‘तिचा’, आणि आपापल्या जागेकडे पळतात. एक सेटर घेऊन खेळणाऱ्या संघात ती पूर्ण मॅच आत असते आणि जवळजवळ प्रत्येक रॅलीत बॉल तिच्या बोटांतून जातो. क्रिकेटमध्ये चांगला बॅट्समन नसला तर त्याचा नंबर येईल तेव्हा जाणवतं. इथे मात्र सर्व्हिस झाली, बॉल उचलला गेला, की सेकंदाभरात ती रिकामी जागा समोर. मॅचमध्ये दीडशे वेळा म्हणा. असा घाव प्रत्येक रॅलीला उघडा करणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

आणि ते नुसतं मनाचं दुखणं नसतं, पायांचंही असतं. स्मॅशर आपली धाव सेटरच्या हातावर मोजते. अमुक सेटर बॉल सोडते तेव्हा माझं दुसरं पाऊल टेकलेलं असलं पाहिजे, हे वर्षभर एकत्र खेळून अंगात भिनतं. सेटर बदलली की स्मॅशर लवकर उडते, बॉल वर यायच्या आत खाली यायला लागते, आणि हात बॉलखाली सापडतो. बॉल नेटमध्ये. पोरगी स्वतःवर चिडते. चूक कुणाचीच नसते. पाय अजून जुन्या सेटरबरोबर खेळत असतात.

मला हे कसं माहीत, तर कॉलेजात आमच्या सेटरला कावीळ झाली आणि सहा आठवडे तिची जागा मला दिली. आमच्या वेळी सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट आणि १५ चा सेट; त्यामुळे चुका झाल्या तरी मॅच लांबायची, लाज मात्र लगेच वाटायची. पहिल्या मॅचला माझे तीन ‘डबल’ पकडले. दोन्ही हातांची बोटं बॉलला एकदम लागली नाहीत, मागेपुढे लागली, की बॉल भोवऱ्यासारखा फिरत निघतो आणि रेफरी दोन बोटं वर करतो. ती दोन बोटं मला स्वप्नात दिसायची. आमची सेटर जिवंत होती, घरी साखरफुटाणे खात पडली होती, तरी मला वाटायचं मी तिची चप्पल घालून चालतेय. गंमत म्हणजे ती परत आली तोवर स्मॅशर माझ्या बॉलला सरावल्या होत्या. पहिल्याच दिवशी ती प्रॅक्टिस सोडून नळावर जाऊन रडली. कावीळ आणि मरण यांची तुलना मी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण सिनेमातल्या केलीला कॅरोलाइनच्या जागेवर उभं करतात तेव्हा माझ्या बोटांना घाम फुटला, हे खरं.

ही केली कॅरोलाइनची जिवलग मैत्रीण. तिच्यावर ती जागा येऊन पडते. एरिन मोरिआर्टीने तिचा अवघडलेपणा चांगला दाखवलाय, विशेषतः खांद्यांतून. सिनेमाला हात घालायला सगळ्यात भारी जागा हीच होती: मैत्रिणीचं दुःख करायचं आणि त्याच वेळी तिच्या जागेवर तिच्याहून वाईट खेळायचं, तेही सगळ्यांदेखत. तिथे कॅमेरा जरा खाली, बोटांपाशी यायला हवा होता. तो येतो आणि पळतो. मग गाणं सुरू होतं, प्रॅक्टिसचे तुकडे पटापट जातात, बॉल हाणल्याचे आवाज तोफेसारखे, आणि गाणं संपेपर्यंत पोरगी तयार! नऊच्या नऊ पोरी माझ्याकडे वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, आपल्याकडे गाणं नाही.

खेळाचं चित्रण तसं मोठ्या पडद्याला शोभेल असं आहे, पण स्मॅश आणि ब्लॉक, ब्लॉक आणि स्मॅश. दुसरा बॉल फार वेळा नुसता ओझरता दिसतो. ज्या मुलीच्या नसण्यावर सिनेमा उभा आहे तिचंच काम दाखवायला कंटाळा का, हे मला कळलं नाही. टाळ्या तिसऱ्या बॉलला मिळतात हे दिग्दर्शकालाही माहीत असणार, दुसरं काय.

कॅरोलाइन स्वतः (डॅनिका यारोश) मला जरा जास्तच गोड वाटली. सदा हसरी, सगळ्यांना मिठ्या मारणारी, खोलीत आली की दिवे लागल्यासारखं. अहो, ती सेटर होती! ‘तुला बॉल द्यायचा तो देतेच आहे ना, मग उडत का नाहीस’ असं स्मॅशरवर न खेकसणारी सेटर मी चाळीस वर्षांत पाहिलेली नाही. गेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत म्हणतात, ते तेराव्यापर्यंत ठीक. सिनेमात एखादा दोष ठेवला असता तर ती जास्त आठवली असती. आमच्या लिबरोने, म्हणजे फक्त मागे राहून बॉल उचलणाऱ्या खेळाडूने, हेच वेगळ्या तऱ्हेने सांगितलं. ही पोरगी दिवसाला पंधरा शब्द बोलते. सिनेमात टीशर्टवर ‘लिव्ह लाइक लाइन’ लिहिलेलं असतं, लाइनसारखं जगा. ती म्हणाली, “मॅडम, ती असती तर तिच्यासारखं जगा असं कुणी म्हटलं नसतं. ‘जरा गप्प बस’ म्हटलं असतं.” बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या, तू दगड आहेस वगैरे. मी मनात म्हटलं, हिला पुढच्या वर्षी कॅप्टन करायला हरकत नाही.

कोच ब्रेझनहन झालीय हेलन हंट. मला ती पटली, आणि माझ्या पोरींना नाही. त्यांना वाटलं ती कोरडी आहे. मृत्यू झालाय आणि ही बाई त्यांना परत खेळायला का लावते? कोच ब्रेझनहनला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवणं जमत नाही. तिला सराव घेता येतो, म्हणून ती सराव घेते. अशी माणसं असतात. आमच्या घरी दहाव्याच्या दिवशी माझा काका सकाळपासून पंप दुरुस्त करत बसला होता, पंप चांगला चालू असताना. हंट हे सगळं तोंड फारसं न हलवता करते; बोलायला उघडलेलं तोंड पुन्हा मिटून शिट्टी वाजवते, त्यात तिचं सगळं येतं.

आणि विल्यम हर्ट. कॅरोलाइनचा बाप एर्नी. बायको आणि मुलगी, दोन आठवड्यांत दोघी. हा नट २०२२ मध्ये गेला; त्याचं हे काम फार कुणी मोजत नाही, पण मला विचाराल तर सिनेमा त्याच्यामुळे उभा आहे. तो रडतो कमी. वाक्य सुरू करून अर्ध्यात दुसरीकडे बघतो. कोच त्याच्याकडे येते तेव्हा दोघं एकमेकांना धीर देत नाहीत, नुसते एकमेकांना पुरे पडतील इतका वेळ बसतात. पुढे तो मॅचला येऊन गॅलरीत बसतो. तिथे मला वाटलं, बास, आता कॅमेरा हलवू नका. हलवलाच.

ताई सिनेमाभर सुपारी कातरत होती. एकदाच म्हणाली, “हा बरोबर बसलाय.” मी विचारलं, बरोबर म्हणजे? तर म्हणाली, “खुर्चीच्या कडेला. शेजारी कुणी बसणार असल्यासारखा.” मी इतकी वर्षं पोरींना पवित्रा शिकवते आणि हे मला दिसलं नाही.

मग फायनल. पाचवा सेट १५ चा असतो, त्यात श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि तो भाग चांगला साधलाय. निकाल माहीत असूनही मी रिमोट हातात घट्ट धरला होता. मुली जिंकतात, रडतात, शेवटी खऱ्या मुलींची, खऱ्या माणसांची दृश्यं येतात. ती बघताना समजतं, की सिनेमातल्या ज्या गोष्टी आपल्याला जरा जास्त वाटल्या त्यातल्या काही झालेल्याच होत्या. गावातलाच हाडवैरी संघ समोर असणं, हे एखाद्या लेखकाने लिहिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

तेव्हा ताईने विचारलं. “पोरी बसमध्ये बसून गाणी म्हणत जातील. हा एकटा गाडी चालवत घरी जाणार. मग किल्ली कुठे ठेवणार?”

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं, भाऊजी गेल्यावर ताईच्या दारातल्या खुंट्यांवरून तिने त्यांची स्कूटरची किल्ली काढली नाही, पण आपली किल्ली मात्र त्या खुंट्यांना लावायची सोडली. पर्समध्येच ठेवते. संघाला वेळापत्रक असतं. मंगळवारी मॅच, गुरुवारी मॅच, हरलात तर पुढचा मंगळवार. बापाला वेळापत्रक कुणी दिलेलं नाही. सिनेमा संघाबरोबर बसमध्ये चढतो, आणि प्रेरणादायी सिनेमांना ते करावंच लागत असेल. अमेरिकी समीक्षकांनी त्याला ठरावीक म्हणून फार भाव दिला नाही, प्रेक्षकांना मात्र आवडला. मला दोघांचंही पटतं. ठरावीक आहेच. पण पडवळासारखे सरळ सिनेमेही कधी कधी अंगाला लागतात.

कुणाबरोबर बघावा? खेळणाऱ्या मुलींबरोबर जरूर, आणि नंतर त्यांच्याशी बोलायला अर्धा तास हाताशी ठेवा. माझ्या संघातल्या सगळ्यात उंच मुलीने त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा तिच्या आजोबांचं सांगितलं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आधी एकट्याने पाहा, कारण अपघाताची आणि दवाखान्याची गोष्ट अगदी सुरुवातीलाच अंगावर येते. लहान मुलांना दाखवायला हरकत नाही, ओंगळ असं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मैदान वाळलं. पोरींनी स्वतःहून सेटिंगचा सराव मागितला, जो त्या एरवी टाळतात. दहा मिनिटांत तेरा डबल मोजले.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे, वर अर्धा विल्यम हर्टचा. पोरींनी पाच दिलेत. लिबरोने अजून आकडा सांगितलेला नाही.