मॉर्फ, पुश, फेड : आठ महिने वर्गात वापरल्यानंतर

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून आठवी-नववीच्या इतिहास-भूगोलाच्या पीपीटींना मी ट्रान्झिशन, म्हणजे एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना पडद्यावर दिसणारी हालचाल, लावायला लागले. आता फेब्रुवारी संपत आलाय. ठाण्यातली मराठी शाळा, पन्नासएक मुलं आणि शेवटच्या बाकावरून जेमतेम दिसणारा पडदा. सगळा अनुभव तिथलाच आहे.

पहिले दोन आठवडे मी प्रत्येक स्लाइडला वेगळं ट्रान्झिशन लावलं. क्यूब, व्होर्टेक्स, ओरिगामी, जे दिसेल ते. मुलं टाळ्या वाजवत होती. पण तासाच्या शेवटी सालं विचारली तर मोजकेच हात वर. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी कपाळ धरून म्हणाली, "बाई, गरगरतंय." त्याच संध्याकाळी सगळी ट्रान्झिशन काढून टाकली आणि विचार केला की एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना मुलांना नेमकं काय कळायला हवंय? जागा तीच, पण जवळून? प्रवास पुढे सरकला? की काळ बदलला? तिन्हींसाठी एकेक ट्रान्झिशन ठरवलं. बाकी स्लाइडना 'नन', म्हणजे काहीच नाही.

जागा तीच असेल तर मॉर्फ, म्हणजे दोन स्लाइडवरची तीच वस्तू हळूहळू आकार किंवा जागा बदलताना दिसते. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. ठाणं साष्टी बेटावर आहे हे मुलांना पुस्तकातून पटतच नाही. रोज ज्या रस्त्यावरून शाळेत येतो तो बेटावरचा, हे कसं पटावं? मी एकच मोठा नकाशा घेतला. पहिल्या स्लाइडवर त्याचा फक्त मासुंदा तलावाजवळचा भाग दिसेल एवढा तो वाढवला. कंट्रोल-डी दाबून स्लाइडची प्रत काढली आणि प्रतीवर नकाशा लहान केला, म्हणजे स्टेशन, खाडी आणि कळव्याचा पूल दिसायला लागले. तिसऱ्या स्लाइडवर अख्खी साष्टी. मॉर्फ दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लाइडला लावायचा, कारण ट्रान्झिशन नेहमी येणाऱ्या स्लाइडचं असतं, जाणाऱ्या नाही. मी सुरुवातीला पहिलीला लावून बसले होते. मुलांच्या डोळ्यांसमोर तळावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा परिसर, आक्रसत जाते, उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते, एक फाटा वसईच्या खाडीकडे आणि दुसरा ठाण्याच्या खाडीकडे वळतो. वर्ग गप्प झाला होता.

मॉर्फचा वेळ आपोआप दोन सेकंद येतो. नकाशासाठी मी चार ठेवते, मागच्या बाकावरच्या डोळ्यांना तेवढा लागतो. फोटो वाढवला की फुटतो, म्हणून मूळ नकाशा मोठ्या आकाराचा घ्या आणि पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली फाइलमधली चित्रं कॉम्प्रेस न करण्याची खूण करून ठेवा. आणखी एक युक्ती. 'ठाणे' ही पाटी विरून त्याच जागी 'श्रीस्थानक' हे शिलाहारांच्या काळातलं नाव यावं असं मला हवं होतं. ऑल्ट-एफ१० दाबून सिलेक्शन पेन (स्लाइडवरच्या वस्तूंची यादी) उघडला आणि दोन्ही स्लाइडवरच्या पाट्यांना एकच नाव दिलं, सुरुवातीला दोन उद्गारचिन्हं लावून : !!गाव. मग मजकूर वेगळा असला तरी मॉर्फ त्यांना एकच वस्तू मानतो.

प्रवासासाठी पुश, म्हणजे नवी स्लाइड जुनीला ढकलत आत येते. देशातली पहिली प्रवासी रेल्वे : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. लोहमार्गाचा नकाशा आडवा करून त्याची लांब पट्टी केली आणि तिचे चार तुकडे चार स्लाइडवर काठाला काठ भिडवून बसवले. एका स्लाइडवर साधारण साडेआठ किलोमीटर. पुशची दिशा 'उजवीकडून', वेळ एक सेकंद. रूळ तुटत नाही, पुढे पुढे सरकत राहतो. पुशमध्ये शीर्षकही सरकतं, म्हणून या चार स्लाइडना शीर्षक दिलेलंच नाही.

काळ बदलला की फेड, 'थ्रू ब्लॅक' निवडून, म्हणजे जुनी स्लाइड काळोखात विरते आणि नवी त्यातून उमटते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. या दोन स्लाइडच्या मधला क्षणभराचा काळोख मी मुद्दाम ठेवलाय.

आता अडचण. वर्गातल्या संगणकावर पॉवरपॉइंटची २०१३ ची आवृत्ती आहे आणि तिथे मॉर्फ चालत नाही, त्याच्या जागी साधा फेड दिसतो. पहिल्यांदा हे भर वर्गात कळलं. नकाशा एकदम मोठ्याचा लहान झाला आणि मधलं सगळं मला हातवारे करून सांगावं लागलं. मॉर्फ तयार करायला २०१९ किंवा त्यापुढची आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ लागतं. एक्सपोर्टमधून व्हिडिओ करून पाहिला. तो सगळीकडे चालतो, पण कुणी मध्येच प्रश्न विचारला की सारखं थांबवावं लागतं, आणि माझ्या तासाला प्रश्न खूप येतात. शेवटी मी घरचा लॅपटॉप नेऊ लागले. पीडीएफमध्ये ट्रान्झिशन राहत नाही, त्यामुळे पालकांना पाठवायच्या प्रतीतून मॉर्फच्या मधल्या स्लाइड काढून टाकते, नाहीतर तोच नकाशा तीनदा येतो. ऑनलाइन तास घ्यायची वेळ आली तेव्हा मुलांच्या मोबाइलवर मॉर्फ अडखळत दिसला. तिथे मी काहीच लावत नाही.

नुसते मुद्दे लिहिलेल्या स्लाइडना ट्रान्झिशन लावण्यात मला आजही फायदा दिसलेला नाही. नकाशा, आकृती, वंशावळ शिकवत असाल तर मात्र एक संध्याकाळ काढून मॉर्फ नक्की करून बघा.

साष्टीचा नकाशा पहिल्यांदा नीट चालला त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो रोज कळव्याहून येतो. "बाई, म्हणजे माझं घर बेटावर नाही?" मी म्हटलं, "नाही रे, खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर." घरी येऊन कळव्यावर एक लाल ठिपका ठेवला आणि चौथी स्लाइड जोडली, साष्टीवरून परत खाली, पुलाच्या पलीकडच्या टोकाशी थांबणारी.