चेन ऑफ क्रेटर्स रोड: वाहता लाव्हा नसतानाही किलाउएआच्या किनाऱ्यापर्यंत उतरावे का?

हवाई बेटावरच्या हवाई व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानातला चेन ऑफ क्रेटर्स रोड किलाउएआ ज्वालामुखीच्या शिखराजवळून निघतो, सुमारे ३० किलोमीटरांत ११०० मीटरांहून अधिक खाली उतरतो आणि २००३ साली लाव्हाने जिथे डांबरी रस्ता ओलांडला तिथे, समुद्राच्या अगदी काठावर, संपतो. या सफरीविषयी नाराजीचा जो सूर ऐकू येतो तो बहुधा एकाच कारणाने लागलेला असतो: एवढे खाली उतरूनही लाल, वाहता लाव्हा दिसला नाही. वस्तुस्थिती अशी की किलाउएआचा लाव्हा २०१८ नंतर समुद्रापर्यंत आलेला नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेले कारंज्यांसारखे उद्रेक शिखरावरच्या हलेमाउमाउ विवरात झाले आहेत. त्यामुळे ज्यांना फक्त तप्त रस पाहायचा आहे त्यांनी शिखराच्या कडेवरच थांबावे, खाली येण्यात त्यांचा वेळ जाईल. आमचा अनुभव आणि मत मात्र वेगळे आहे. लाव्हा वाहत असताना सगळ्यांची नजर त्या एका धारेवर खिळते. तो थांबलेला असतो तेव्हाच हा किनारा कसा घडतो आणि कसा ढासळतो हे सावकाश पाहता येते, आणि त्या दृष्टीने या रस्त्याच्या तोडीची सेवा फारच थोड्या ठिकाणी मिळत असेल.

खासगी मोटारीसाठी प्रवेशशुल्क ३० डॉलर आहे आणि ते ७ दिवस चालते. त्या मानाने मिळणारा माल भरपूर आहे. रस्त्याचा वरचा टप्पा ओहिआच्या झाडीतून आणि खचून तयार झालेल्या विवरांच्या कडेकडेने जातो. प्रत्येक विवरापाशी थांबण्याचा मोह होतो, पण खालच्या टप्प्यासाठी वेळ राखायचा असेल तर त्यांतली एक-दोन पाहून पुढे निघालेले बरे. मौना उलूपाशी मात्र थांबावेच. १९६९ ते १९७४ या काळात येथे झालेल्या उद्रेकाने आलोइ आणि आलाए ही दोन विवरे भरून टाकली, एक नवी ढालीसारखी टेकडी उभी केली आणि रस्त्याचा मोठा भाग गाडला. तो भाग पुन्हा बांधून १९७९ मध्ये रस्ता सुरू झाला, आणि १९८६ नंतर पुउ ओओ नावाने ओळखल्या जाणाऱ्या किलाउएआच्याच उद्रेकातील लाव्हाने त्याचे खालचे टोक पुन्हा तोडायला सुरुवात केली. पूर्वी हा रस्ता किनाऱ्यावरच्या कालापाना गावापर्यंत जात असे. आज त्याची लांबी किती असावी हे उद्यानाचे अभियंते नव्हे तर ज्वालामुखीच ठरवत आला आहे.

मौना उलू मागे पडल्यावर झाडी विरळ होते आणि एका वळणावर जमीन अचानक संपल्यासारखी वाटते. समोर होलेइ पाली हा कडा उतरत जातो, त्याच्या पायथ्याशी काळे सपाट मैदान आणि त्यापलीकडे पॅसिफिक महासागर. गाडी वाहनतळात लावून येथे जितका वेळ काढता येईल तितका काढावा, कारण सगळ्या सफरीचे मर्म या उतारात आहे. पहिल्या नजरेला हा समुद्राने कोरलेला जुना किनारा वाटतो, पण हे कडे प्रस्तरभंगांमुळे, म्हणजे खडकांतील भेगांवरून जमीन सरकल्यामुळे, तयार झालेले आहेत. किलाउएआचा दक्षिणेकडचा संपूर्ण उतार सागरतळावर हळूहळू समुद्राकडे सरकत असतो, त्याच्या पाठीशी शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) घुसून तो आणखी बाहेर ढकलला जातो, आणि वरचा भाग पायऱ्यापायऱ्यांनी खचतो. हिलिना पाली आणि होलेइ पाली या त्या पायऱ्या.

हे सरकणे नेहमीच सावकाश होत नाही. २९ नोव्हेंबर १९७५ च्या पहाटे ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा या किनाऱ्याचा काही भाग अवघ्या काही क्षणांत खाली बसला. हालापे येथे ही घसरण सुमारे साडेतीन मीटरांची होती. तिथे तंबू ठोकून राहिलेल्या लोकांवर पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या, दोघांचा मृत्यू झाला आणि काठावरची नारळाची राई पाण्यात गेली. ४ मे २०१८ रोजी याच उताराखाली ६.९ तीव्रतेचा धक्का बसला. हालापेला गाडी जात नाही, तिथवर पायपीट करावी लागते, म्हणून या रस्त्याने जाणाऱ्या बहुसंख्य प्रवाशांना ती जागा दिसत नाही. पण कड्यावरून पश्चिमेकडे किनाऱ्याची रेषा न्याहाळताना हा प्रसंग माहीत असेल तर समोरचे दृश्य निराळे दिसू लागते. निघण्यापूर्वी निदान एवढे वाचून जावे असे आम्ही आग्रहाने सांगू, कारण खिडकीतून दिसणाऱ्या उतारावरून हे आपोआप उमगणारे नाही.

कड्यावरून खाली ओघळून थिजलेले लाव्हाचे प्रवाह दुसऱ्या कारणासाठी पाहण्यासारखे आहेत. जगभरचे भूवैज्ञानिक हवाईच्या भाषेतल्या ज्या दोन शब्दांनी बेसाल्टी लाव्हाचे वर्गीकरण करतात ते पाहोएहोए आणि आआ हे दोन्ही प्रकार येथे एकाच उतारावर शेजारी शेजारी आहेत. पाहोएहोएचा पृष्ठभाग गुळगुळीत, कुठे दोरखंडाच्या पिळासारखा मुरडलेला. आआ म्हणजे खडबडीत, काटेरी ढेकळांचा ढीग, ज्यावर पडल्यास तळहात सोलून निघतो. दोघांचे रासायनिक घटक सारखेच असू शकतात. फरक पडतो तो तापमान, वायूंचे प्रमाण आणि वाहण्याची घाई यांमुळे: सपाटीवर पाहोएहोए म्हणून संथ चाललेला प्रवाह तीव्र उतारावर वेगाने खेचला गेला, थंड झाला, दाटला की त्याची साय फाटते आणि तो आआ होतो. उलट दिशेने मात्र हा बदल सहसा होत नाही. रंगही पाहण्याजोगा आहे. तुलनेने नव्या पाहोएहोएवर काचेचा पातळ थर असतो आणि उन्हात तो रुपेरी चमकतो. वर्षे जातात तसा हा थर झिजतो, लोह गंजते आणि खडक तपकिरी पडतो, त्यामुळे कोणता प्रवाह कोणावरून गेला हे नकाशाशिवायही बऱ्याच अंशी ओळखता येते. सह्याद्रीत हिंडलेल्या मराठी वाचकाने दख्खनच्या बेसाल्टमध्ये असे पाहोएहोएचे फुगवटे पाहिलेले असतात, पण ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आणि झिजलेले. येथे त्यांची कोवळी त्वचा अजून शाबूत आहे.

मैदानात उतरल्यावर पुउ लोआची पायवाट लागते. येऊन-जाऊन सव्वादोन किलोमीटरांची ही वाट थिजलेल्या लाव्हावरून जाते आणि शेवटी लाकडी फळ्यांच्या मार्गावरून २३,००० हून अधिक शिलाचित्रांचा परिसर पाहता येतो. त्यांतील असंख्य लहान खळगे नवजात बाळाची नाळ ठेवण्यासाठी कोरलेले आहेत. मुलाला दीर्घायुष्य लाभावे ही त्यामागची भावना. फळ्यांवरून खाली उतरू नये, खडकावर पाय पडला तरी कोरीव रेषा झिजतात. भर दुपारी ही वाट टाळावी, कारण सावलीचे नाव नाही आणि काळा खडक खालूनही तापतो.

रस्त्याच्या टोकाशी होलेइची सागरी कमान आहे, सुमारे २७ मीटर उंचीची. छायाचित्रांत ती जेवढी भव्य दिसते तेवढी प्रत्यक्षात वाटत नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. पाहण्याची जागा थोडी दूर आहे आणि प्रकाश विरुद्ध बाजूने असेल तर कमान कड्याच्या काळ्या रंगात मिसळून जाते. तरीही तिथला कडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांमध्ये घट्ट, टणक भाग आणि त्यांच्या मधले भुसभुशीत, तुकड्यांचे भाग स्पष्ट दिसतात. लाटा त्या कमकुवत थरांना आधी पोखरतात, मग वरचा टणक थर आधाराविना राहतो आणि कोसळतो. कमान ही त्या क्रियेतली एक तात्पुरती अवस्था आहे.

लाव्हा समुद्रात उतरतो तेव्हा नवी जमीन बनते, हे वाक्य माहितीपत्रकांत इतक्या सहजतेने लिहिले जाते की त्यातली अडचण लपून राहते. सुमारे ११०० अंश सेल्सिअसचा रस पाण्याला भिडला की तो फुटून वाळू आणि खडे होतात, हा सुटा माल तीव्र उताराच्या सागरतळावर साचतो आणि त्या डळमळीत पायावर पुढचा लाव्हा पसरून सपाट ओटा तयार करतो. वरून तो भक्कम दिसतो, खाली मात्र वाळूच असते. ३१ डिसेंबर २०१६ रोजी कामोकुना येथील सुमारे १० हेक्टरांचा असा ओटा बहुतांश कोसळला आणि शेजारच्या जुन्या कड्याचा तुकडाही सोबत घेऊन गेला, ज्यावर पूर्वी प्रेक्षकांना उभे राहण्याची जागा होती. पुउ ओओचा उद्रेक १९८३ पासून २०१८ पर्यंत चालला आणि एवढ्या ३५ वर्षांत बेटाला सुमारे पावणेदोनशे हेक्टर जमीन मिळाली. त्याच २०१८ साली पूर्वेकडच्या पुना भागात झालेल्या उद्रेकाने अवघ्या काही महिन्यांत त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे ३५० हेक्टरांच्या आसपास, भर घातली, कारण रस बाहेर पडण्याचा वेग कितीतरी जास्त होता. त्यात कापोहोचा उपसागर जूनच्या पहिल्या आठवड्यातच बुजून गेला आणि सातशेहून अधिक इमारती नष्ट झाल्या. तो भाग उद्यानाबाहेर, या रस्त्यापासून दूर आहे, पण या टोकावर उभे राहून पायाखालच्या जमिनीचा हिशेब मांडताना तो धरावाच लागतो.

सोयींबद्दल थोडक्यात. शिखराजवळचा भाग सोडला की वाटेत पाणी, खाणे किंवा इंधन काहीही मिळत नाही. टोकाशी साधी शौचालये आहेत. याला आम्ही उणीव मानत नाही, कारण जिथे रस्ताच कायमचा राहील याची हमी नाही तिथे उपाहारगृह बांधण्याची मागणी करणे हास्यास्पद ठरेल, पण तयारीविना येणाऱ्याला हा भाग जड जातो. जाड तळाचे बूट, टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि भरलेली टाकी एवढे असावे. वर शिखराजवळ धुके आणि गारठा असतो तेव्हा खाली कडक ऊन असू शकते, त्यामुळे वरचे हवामान पाहून बेत रद्द करू नये. रस्त्यावर नेने हे हवाई बेटांवरचे हंस येतात, म्हणून वेग कमी ठेवावा.

या किनाऱ्यासाठी बोटीची सफर अधिक चांगली असा सल्ला अजूनही कधी कधी मिळतो. लाव्हा समुद्रात पडत होता तेव्हा त्याला काही अर्थ होता, जरी धोकाही तेवढाच होता: १६ जुलै २०१८ रोजी पाण्याखालच्या स्फोटातून उडालेला तप्त दगड एका पर्यटक बोटीच्या छपरातून आत आला आणि २३ जण जखमी झाले. लाव्हा पाण्याला भिडताना उठणाऱ्या पांढऱ्या ढगात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात, तेही छायाचित्रांतून कळत नाही. सध्या समुद्रात लाव्हा जात नसताना त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कापला तो कमानीच्या वाजवीपेक्षा मोठ्या प्रसिद्धीसाठी, आणि काही अंशी या कारणासाठी की भूविज्ञानाची पूर्वतयारी नसलेल्या माणसाला येथे अर्धेच हाती लागते. ज्यांना काळी वाळू पायाखाली हवी आहे त्यांनी या रस्त्याकडून अपेक्षा ठेवू नये, येथे उभा कडाच आहे. उद्यानाच्या नैर्ऋत्येला पुनालुउची पुळण आहे, तिथे जावे. तीही लाव्हा पाण्यात फुटून झालेलीच वाळू आहे आणि नवा पुरवठा नसल्याने ती वाढत नाही, त्यामुळे मूठभरही सोबत नेऊ नये, आणि काठावर उन्हात पडलेल्या समुद्री कासवांपासून निदान सहा मीटर अंतर ठेवावे.