तापणाऱ्या चिपचा शोध : थर्मल कॅमेरा आधी घ्यावा, की बेंच सप्लाय आणि आयपीए?

बोट ठेववत नाही इतका मायक्रोकंट्रोलर (बोर्डवरची प्रोग्रॅम चालवणारी चिप) तापतोय आणि तो उपटून नवा बसवण्याआधी कारण शोधायचं आहे, अशांसाठी हे लिहितोय. खिशाला एका वेळी एकच खर्च झेपत असेल तर आधी काय घ्यावं? फोनला लावायचा, उष्णता चित्रात दाखवणारा थर्मल कॅमेरा, की करंट लिमिटवाला बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि जास्तीत जास्त करंट ठरवता येणारा टेबलावरचा वीजपुरवठा) आणि सोबत आयपीएची, म्हणजे पटकन उडणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली? माझ्या टेबलावर दोन्ही आहेत.

आधी कॅमेऱ्याचं श्रेय कॅमेऱ्याला. बोर्डला हात न लावता तो अर्ध्या अंशाचाही फरक दाखवतो. स्लीपमध्ये मायक्रोअँपवर जगायला हवा असा बोर्ड चार-पाच मिलिअँप खातोय, तर तेवढ्या उष्णतेवर आयपीए काहीच सांगत नाही. कॅमेरा निदान जागेकडे बोट तरी दाखवतो. आणि बोर्डवर थेट २३० व्होल्टची बाजू असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. तिथे आयपीए शिंपडायचं नाही, म्हणजे नाही.

चकाकत्या धातूवर कॅमेरा फसतो, हे बहुतेकांना माहीत असतं. सोल्डरवर किंवा शील्डच्या डब्यावर तो तापमानाऐवजी वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्याची ऊब दाखवतो. कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या पिवळसर टेपचा) तुकडा चिकटवला की ते निभावतं. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांचा वेग सेकंदाला ९ चित्रांच्या आत असतो, त्याचीही सवय होते.

मला सवय झाली नाही ती त्या 'टक्' आवाजाची. या कॅमेऱ्यांच्या आत एक बारीक शटर असतं. ते अधूनमधून सेन्सरसमोर येतं, सगळे पिक्सेल एकसारखे करून घेतं, आणि तेवढा वेळ चित्र गोठतं. कॅमेरा नुकताच जोडलेला असला की तो स्वतःच तापत असतो, म्हणून सुरुवातीला हे वरचेवर होतं. एरवी यात बिघडत काही नाही. पण शॉर्ट शोधताना खरी माहिती पॉवर दिल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन सेकंदांत असते. त्यानंतर ग्राउंडचं तांबं उष्णता पसरवतं. चिप, शेजारचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) आणि मधले कपॅसिटर मिळून एकच नारिंगी डाग उरतो. नेमकं तेव्हाच चित्र गोठलं की पॉवर बंद करा, बोर्ड निववा, पुन्हा सुरू करा. कॅमेरा आधी तापू दिला तर त्रास कमी होतो, काही ॲपमध्ये हे शटर हाताने चालवायचीही सोय असते. तरी मला ते हातचं वाटत नाही.

आयपीएमध्ये असं काही गोठत नाही. पातळ थर पसरायचा, पॉवर द्यायची, आणि सगळ्यात आधी कुठे कोरडं पडतं ते बघायचं. कोरडा ठिपका उगमापाशी उमटतो आणि तिथून वाढत जातो, म्हणजे सुरुवात डोळ्यांदेखत दिसते. मात्र ९९ टक्क्यांचंच घ्या. ७० टक्क्यांच्यात पाणी असतं, ते रेंगाळतं. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर सगळीकडून सारखंच उडतं. मे महिन्यात हे सोपं नाही, मान्य. सोल्डरिंग आयर्न आणि हॉट एअर गन मात्र बंदच हवेत, कारण आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला याची वाफ पेट घेऊ शकते.

पण माझा कल ठरवला तो बेंच सप्लायवरच्या आकड्याने. कॅमेरा 'कुठे' सांगतो. सप्लाय बऱ्याचदा 'काय' तेही सांगतो. ३.३ व्होल्टच्या रेलला (बोर्डवरच्या पुरवठ्याच्या मार्गाला) आधी फक्त १ व्होल्ट द्या, लिमिट कमी ठेवा. तेवढ्यावरच करंट लिमिटला टेकला तर संशय शॉर्ट झालेल्या कपॅसिटरवर किंवा सोल्डरच्या पुलावर (दोन पिना चुकून जोडणाऱ्या थेंबावर) घ्या, कारण धडधाकट सिलिकॉन १ व्होल्टवर फारसं काही ओढत नाही. ३ व्होल्टजवळ जाताना करंट एकदम उसळला तर चिपकडे बघा.

मग रीसेटची पिन ग्राउंडला धरा, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम थांबतो. एका विद्यार्थ्याच्या ब्लू पिल बोर्डवर (एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड) हेच केलं होतं. कॅमेऱ्यात चिप आणि रेग्युलेटर दोन्ही सारखेच लाल दिसत होते. रेग्युलेटर वगळून थेट ३.३ व्होल्टच्या पिनवर सप्लाय लावला, तर रेग्युलेटर थंड आणि करंट तसाच चढा. ७२ मेगाहर्ट्झवर सगळे पेरिफेरल (चिपमधले टायमरसारखे जोडविभाग) चालू ठेवूनही या एसटीएम३२एफ१०३ला साधारण ५० मिलिअँप पुरतात. इथे त्याच्या कितीतरी पट जात होते. रीसेटमध्ये पिना आउटपुट राहत नाहीत. त्यामुळे दोन आउटपुट एकमेकांशी भांडत असतील तर आकडा खाली यायला हवा. तो हलला नाही, म्हणजे दोष प्रोग्रॅमचा नव्हता. चिपच्या पीए१ या पिनला ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडलेला होता आणि ती पिन ५ व्होल्ट सोसणारी नाही. चिप बदलली, मध्ये व्होल्टेज कमी करणारा दोन रोधकांचा डिव्हायडर घातला, तापणं थांबलं.

दिवसभर मोबाइलचे किंवा लॅपटॉपचे दाट बोर्ड हाताळणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो. त्याने कॅमेरा आधी घेतला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण काम मुख्यतः ३.३ आणि ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांचं असेल तर मी सप्लाय आणि आयपीए आधी घेईन, कॅमेरा नंतर सवडीने.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सप्लाय बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी चालवूनच बघा. करंट लिमिट २०-३० मिलिअँपइतकी खाली नीट बसते का. बऱ्याच मोठ्या सप्लायचा नॉब तिथे नुसता भिरभिरतो. आणि आउटपुटला वेगळं बटण आहे का, म्हणजे व्होल्टेज बोर्डवर जाण्याआधी ठरवता येतं.