धूळ काढलेला जुना कॉम्प्युटर: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीत घरचा कॉम्प्युटर उघडून साफ केला, त्याला आता नऊ महिने होतील. तेव्हाच लिहिणार होते, पण नागपुरात कॉम्प्युटरबद्दलचं मत फेब्रुवारीत देऊन उपयोग नाही. उन्हाळा निघू द्यावा, मग बोलावं.

मशीन २०१५ चं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू), ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा), ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी घरून तीन दुकानांचे हिशेब बघते, संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसतो. बटण दाबून चहा ठेवायचा, चहा पिऊन झाला तरी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडलेलं नसायचं. दोन वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून, पैसे घेतले होते. डबा उघडून आत पाहिलंही नव्हतं. दोन महिन्यांत पुन्हा तीच गत. नवीन घ्यायचं ठरत आलं होतं, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, फेकता काहून? आधी आतून साफ तर करून पाहा."

डब्याच्या बाजूचा पत्रा काढला आणि कळलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जी ॲल्युमिनियमची पाती असतात, त्यांच्या फटी धुळीने गच्च भरल्या होत्या. आणि धूळ सुटी नव्हती, नमद्यासारखी घट्ट बसली होती. कारण आमच्याच खोलीत होतं. कॉम्प्युटरचं टेबल कूलरच्या थेट झोतात. कूलरची हवा ओलसर असते, बाहेरची धूळ घेऊन येते, ती ओल धुळीला चिकटवते. मार्च ते जून रोज दहा-बारा तास, अशी दहा वर्षं.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसल्या. प्रोसेसरची उष्णता वरच्या पात्यांपर्यंत पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढून मटारच्या दाण्याएवढी नवी लावली. इथे एक चूक झाली ती सांगते, कारण ती कुणाचीही होऊ शकते. इंटेलच्या प्रोसेसरवरच्या त्या पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक नीट बसली नव्हती, वरून बसल्यासारखीच दिसत होती. तापमान पहिल्यापेक्षाही वाढलं. पुन्हा सगळं काढून, पेस्ट पुसून, परत लावून, समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या. चारही वेळा 'टक्' ऐकू आलं पाहिजे.

प्रोसेसरच्या तापमानाचे आकडे माझ्या वहीत आहेत. साफसफाईआधी नुसतं चालू असताना ६२ अंश, काम पडलं की ९५ च्या वर. प्रोसेसर शंभराच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे आमचं मशीन दुपारभर अर्ध्या जिवाने चालत होतं. नंतर ४१ आणि ६८. एप्रिलमध्ये, बाहेर ४४ च्या आसपास असताना, भर दुपारी ५३ आणि ८१. वाढलं, पण एकदाही अडलं नाही. याच आकड्यासाठी मी थांबले होते.

दुसरा दोष हार्ड डिस्कचा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसायची. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने पिवळा इशारा दिला, डिस्कवरचे खराब सेक्टर, म्हणजे निकामी भाग, वाढत चालले होते. फॉरमॅटने हे कसं जाणार होतं? सीताबर्डीतून ५०० जीबीची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) ३,२०० रुपयांना आणि ४ जीबी डीडीआर-थ्री रॅम ७०० रुपयांना आणली. आता २५ सेकंदांत काम सुरू होतं. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर घाला, माझं मत पक्कं आहे. जुन्या डिस्कवर लग्नाचे, मुलाच्या बारशाचे फोटो होते. सगळ्यात आधी त्यांची दोन ठिकाणी प्रत केली, मग बाकीचं.

सॉफ्टवेअरचं काम तासाभराचं निघालं. मशीनसोबत सुरू होणारे १४ प्रोग्राम होते, गरजेचे चार ठेवले. नको त्या फायली आपोआप काढणारं विंडोजचं स्टोरेज सेन्स चालू केलं. एसएसडी कधी गच्च भरू देत नाही. 'वेग वाढवा' म्हणणारी आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंद) साफ करणारी सॉफ्टवेअरं काढून टाकली, त्यातलंच एक दर दहा मिनिटांनी खिडकी उघडत होतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शटडाउन केल्यावरही आतला काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करते.

देखभाल आता ठरलेली आहे. कूलरचं गवत बदलायच्या दिवशीच कॉम्प्युटरलाही ब्लोअर, उन्हाळ्यात महिन्यातून एकदा डब्याची जाळी पुसणं, आणि कूलर गच्चीवर ठेवून आलो की पुन्हा एकदा. टेबल झोतातून हलवून आतल्या भिंतीला लावलं, पाठीमागे वीतभर जागा सोडून. बाजूचा पत्रा काढून ठेवूनही बघितला होता. थंड राहील असं वाटतं, पण पंधरा दिवसांत आतल्या बोर्डवर धुळीचा थर बसला, लगेच परत लावला. यूपीएसची बॅटरी मात्र जूनमध्ये गेलीच, उष्णतेत त्या लवकर मरतात. तो खर्च वेगळा.

एक प्रश्न उरला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. सध्या एक वर्षाची जास्तीची सुरक्षा अपडेट्स घेतली आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलाने पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, चालवून पाहिलं. ते सुरळीत चालतं, फक्त माझं टॅली विंडोजवरचं आहे. ऑक्टोबर २०२६ पर्यंत तेवढं ठरवायचं आहे.