गारठ्यात मशीन हलेना: आधी गरम करायचं की आधी दाब मोजणारं गेज लावायचं?

थंडीच्या सकाळी एक्स्कॅव्हेटर सुरू होतो, पण चाल मंद. अशा वेळी मी आधी मशीन गरमच करतो. हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावरचा ४६ हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा. शून्याजवळ तेच तेल कितीतरी पटींनी दाट होतं, सक्शन गाळणीतून नीट ओढलं जात नाही आणि पंप कण्हल्यासारखा किरकिरतो. तो आवाज आला की लिव्हर रेटू नका, पंप आतून खरवडला जातो. इंजिन कमी वेगावर ठेवून बूम-बकेट सावकाश हलवा. तेल कोमट झाल्यावर चाल सुधारली, तर संशय तेलाच्या ग्रेडवर, गाळणीवर किंवा कडक झालेल्या सीलवर घ्यायचा.

गेज नेमका आकडा देतो, हे खरंच. पण थंड तेलावर घेतलेलं माप फसवतं. झिजलेल्या पंपातली गळती दाट तेल झाकून टाकतं, म्हणून झिजलेलं मशीन थंड असताना बरं चालतं आणि तापल्यावर ढेपाळतं. आपली तक्रार नेमकी उलटी आहे, आणि तरीही पहिल्याच दिवशी पंप उतरवणारे भेटतात, याचं फार वाईट वाटतं.

एकाच बाजूचा ट्रॅक (साखळीपट्टा) अडत असेल तर मात्र गरम करत बसू नका. आधी ट्रॅकमधला गोठलेला चिखल काढा, मग त्या बाजूच्या ट्रॅव्हल मोटरच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या मोटरच्या) ब्रेक-लाइनला, म्हणजे ब्रेक सोडवणाऱ्या तेलाच्या नळीला, गेज लावा.