साधी, क्राफ्ट आणि इंपोर्टेड: कोल्हापुरात आठ महिने बिअर पिऊन आलेला अनुभव

ऑक्टोबरपासून मेपर्यंत मी ठरवून बिअर प्यायलो. आठवड्यातून एकदा, बहुतेक रविवारी मटण चुलीवर असताना. प्रत्येक बाटलीची नोंद वहीत केली: कुठून घेतली, कधी भरलेली, किती थंड होती, कशी लागली. त्याआधी पंधरा वर्षं माझी एकच स्ट्रॉंग ठरलेली. शिरोली एमआयडीसीतनं सुटलं की बिअर शॉपीतनं एक फुल आणि खारे शेंगदाणे. मग कामानिमित्त पुण्याला गेलो असताना एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जिथे छोट्या प्रमाणावर क्राफ्ट बिअर बनवतात अशा ठिकाणी, टाकीतून थेट ग्लासात आलेली गव्हाची बिअर प्यायलो. पुण्यात हे प्रकरण 2009 साली डूलालीनं सुरू केलं, म्हणजे मला कळायला बराच उशीर झाला. त्या रात्री परतताना साताऱ्यापर्यंत तोंडातली चव गेली नव्हती.

आता सुरुवातीलाच सांगतो, महाग म्हणजे चांगली हे गणित पहिल्याच महिन्यात मोडलं. शहरातल्या एका दुकानातून युरोपातली हिरव्या बाटलीतली लागर, म्हणजे नेहमीची पिवळी हलकी बिअर, आणली. साध्या पिंटच्या, म्हणजे 330 मिलीच्या लहान बाटलीच्या, जवळपास चौपट पैसे मोजले. उघडली तर उग्र, कुबट वास, आणि घोटाच्या शेवटी भिजलेल्या पुठ्ठ्याची चव. परदेशी बिअर अशीच असेल म्हणून निम्मी संपवलीही. पुढच्या खेपेला दुकानात नीट बघितलं. त्या बाटल्या दर्शनी काचेच्या कपाटात, दुपारच्या उन्हात उभ्या होत्या. मागच्या स्टिकरवर मुदत संपायला दीड महिना उरलेला. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "साहेब, इंपोर्टेड खराब होत नाही." याचा मला आजही राग आहे, कारण गिऱ्हाईक चौपट पैसे देतं आणि चव बिघडली तर दोष त्या बिअरलाच देतं.

बिअर खराब होते. उजेड पडला की हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू घटकांपासून तो उग्र वास तयार होतो. तपकिरी बाटली बराचसा उजेड अडवते, हिरवी थोडाच, पांढरी जवळजवळ नाहीच. टिनला हा त्रास नाही. पुठ्ठ्याची चव येते ती जुनी झाल्यामुळे, आणि उष्णता मिळाली की हे काम भराभर होतं. युरोपातून जहाजानं आठवडे, मग बंदर, मग गोडाऊन, मग आपला एप्रिल. बाटलीत शिरतानाची बिअर कितीही सुरेख असू दे, एवढ्या प्रवासात हलकी लागर टिकत नाही.

म्हणून डिसेंबरपासून मी आधी तारीख वाचायला लागलो. वहीतलं चित्रच पालटलं. महिन्याभरापूर्वी भरलेली साधी किंगफिशर माईल्ड त्या हिरव्या बाटलीपेक्षा कितीतरी सरस लागली. स्वच्छ, हलकी, किंचित गोडसर. तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये, पण जे देते ते नीट देते. अजून एक: बडवायझर, हाइनेकेन, कार्ल्सबर्ग ही नावं परदेशी असली तरी आपल्याकडे मिळणारी बाटली बहुतेक भारतातच बनते. बडवायझरच्या कृतीत तर जवाबरोबर तांदूळही असतो. त्यात वाईट काही नाही, तांदळानं बिअर हलकी होते. पण इंपोर्टेडचे पैसे देण्याआधी बाटली फिरवून वाचावी.

खरा आनंद दिला तो जर्मन गव्हाच्या बिअरनं. अर्डिंगर, पाऊलानर वगैरे. तिच्यात निम्म्याहून जास्त माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचं असतं, आणि यीस्ट गाळून काढत नाहीत, म्हणून गढूळ दिसते. बाटलीत शेवटचा दोन बोटं भाग ठेवायचा, हलवून तळाचा साका उठवायचा आणि मग वरून ओतायचा. पहिल्यांदा ओतली तेव्हा मेव्हणा शेजारी होता. ग्लास नाकाला लावून म्हणाला, "दाजी, ह्यात लवंग टाकलीय काय? आणि केळ्याचा वास कुठला?" दोन्ही टाकलेलं नसतं. ते सगळं यीस्टचं काम. विरजण बदललं की दह्याची चव बदलते, तसंच. साध्या लागरचं यीस्ट थंडाव्यात, दहा अंशांच्या आसपास, सावकाश काम करतं आणि वास मागे ठेवत नाही. एल हा बिअरचा दुसरा मोठा प्रकार, ही गव्हाची बिअर त्यातलीच; तिचं यीस्ट वीस अंशांच्या आसपास काम करतं आणि फळांचे, मसाल्यांचे वास सोडतं.

गडद बिअर समजायला मला आमचं गुऱ्हाळ उपयोगी पडलं. काहिलीत एकच रस, पण चटका किती बसला त्यावर गुळाचा रंग आणि चव ठरते. इथे जवाला मोड आणून भाजतात. कमी भाजलं तर पिवळी, जास्त भाजलं तर कॉफीसारखी काळी. सिंबा या देशी कंपनीचा स्टाउट, म्हणजे काळी बिअर, प्यायलो तेव्हा बुडाला लागलेल्या गुळाची आठवण झाली, अगदी लहानपणची.

जेवणाबरोबरचा अनुभव वेगळाच. हॉप्सनं भरलेली कडू आयपीए (इंडिया पेल एल) तांबड्या रश्श्याबरोबर घेऊ नका. कडवटपणानं तिखट दुप्पट झाल्यासारखं वाटतं, जीभ पेटते. तांबड्याला गव्हाची बिअर, मऊ आणि गोडसर. संत्र्याची साल आणि धणे घातलेली बेल्जियन पद्धतीची होगार्डनही चालते. पांढऱ्या रश्श्याबरोबर साधी ताजी लागर उत्तम, खोबऱ्याच्या दुधाचा चिकटपणा धुऊन काढते.

थंडाव्याचंही सांगायला हवं. "एकदम चिल्ड" हा आपला हट्ट साध्या लागरला ठीक आहे. चांगली एल मात्र फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर वास बंदच राहतो. आणि बिअरमध्ये ग्लिसरीन असतं असं मानून बाटली पाण्यात उलटी धरून ते काढणं सोडा. खाली उतरते ती बिअरच, पाण्यापेक्षा जड असते म्हणून.

स्ट्रॉंग मी सोडली. चवीसाठी सोडलीच, पण हिशोबही होता. 8 टक्क्यांच्या 650 मिलीच्या बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल, 5 टक्क्यांच्या पिंटमध्ये साडेसोळा. तिप्पट. सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला कारखान्यातल्या भट्टीपाशी उभं राहिलं की हा फरक कळतो.

सध्या घरी तीन महिन्यांच्या आतली साधी लागर असते, बहुतेक टिनमध्ये. महिन्यातून एकदा गव्हाची एक बाटली, तीही फक्त फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातून आणि मुदत निम्मी तरी उरलेली असेल तर. क्राफ्ट प्यायची ती पुण्याला गेल्यावर, टाकीतनं. पुढची खेप जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि या वेळी मेव्हणाही येतोय.