बोटीच्या तळाचा रंग घेताना डबा आधी उचलून बघा

बनावट रंगापायी १९,६०० रुपये गेले. २० लिटरचे दोन डबे, प्रत्येकी ९,८००. नावाजलेल्या कंपनीचं लेबल, सील शाबूत. "जहाजाच्या ऑर्डरमधला उरलेला माल आहे शेठ, म्हणून स्वस्त." पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

१ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठली, बोट पाण्यात गेली. दिवाळीपर्यंत तळाला कालवं आणि पांढऱ्या, धारदार शिंपांचा थर. पंखासुद्धा सोडला नाही. वेग पडला, डिझेल वाढलं. बोट वर ओढणं, तळ खरवडणं, पुन्हा नवा रंग, यात आणखी ४१,३०० गेले. ऐन हंगामातली बुडालेली मासेमारी वेगळीच.

राहून राहून तोच क्षण आठवतो आणि डोकं फिरतं. दुकानातल्या पोराने दोन हातांत दोन डबे धरून अलगद टेम्पोत ठेवले! तळाला शिंपा-कालवं धरू नयेत म्हणून मारतात तो तांब्याचा रंग असा उचलला जात नाही. त्यात क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं जड संयुग, ठासून भरलेलं असतं, २० लिटरचा डबा ३० किलोच्या वर जातो, ढवळताना तळाशी जड गाळ लागतो. आमच्या डब्यात काठी गरागरा फिरली. साधा लाल ऑइलपेंट होता तो. पण जुलैअखेर, पावसाने जेमतेम उघडीप दिलेली, खलाशी येऊन बसलेले, आणि हा रंग बोट उतरवायच्या तोंडावरच मारायचा असतो. माझ्या जागी कोण वजनकाटा घेऊन बसला असता?

पक्कं बिल नसेल तर घेऊ नका, विकणारा सख्खा पाहुणा असला तरी. मला कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला होता.

पोलीस म्हणाले, हा तुमचा आपसातला व्यवहार, कोर्टात जा. मासेमारीच्या ऑफिसात म्हणाले, रंग आमच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीसाठी गेलो तर टेबलावरच्या साहेबांनी कागद परत सरकवला: बोट धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. अहो, २०१९ च्या कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरायची नाही. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणून मी स्वतः बोटीवर उभा असतो. कायदा मी त्यांना वाचून दाखवायचा, आणि पगार त्यांनी घ्यायचा? वर "लेखी द्या, बघू." लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का सापडेना!

लेबलवरचा बॅच नंबर पैसे देण्याआधी कंपनीला फोन करून विचारा. आणि रिकामे डबे भंगारात घालू नका, तोच पुरावा. माझे दोन्ही ठेवलेत. तुमच्याकडे असाच "जहाजाचा उरलेला" माल आला असेल तर बॅच नंबरचा फोटो पाठवा. जुळला तर सगळ्यांची तक्रार एकत्रच देऊ, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही.